निवृत्तीनंतर परतणं: ग्रॉन्कोव्स्की आणि फार्व्ह
एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळाडू निवृत्त झाला तरी करार संपत नाही, गोठतो. परतल्यावर हक्क जुन्याच संघाचा.

2020 मध्ये रॉब ग्रॉन्कोव्स्कीचं सरळ निभावलं. कराराचं एक वर्ष उरलेलं. त्याच्या जुन्या संघाने, पॅट्रियट्सनी, तो आणि सातव्या फेरीची निवड (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू घेण्याचा हक्क; फेरी जितकी आधीची तितका मोलाचा) टँपा बे संघाला देऊन चौथ्या फेरीची निवड घेतली.

2008 मध्ये ब्रेट फार्व्हचं मात्र चिघळलं. त्याच्या जुन्या संघाने, पॅकर्सनी, ॲरन रॉजर्सला त्याची जागा दिली होती. फार्व्ह परतला की 1.2 कोटी डॉलर सॅलरी कॅपवर (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा). सोडला तर कट्टर प्रतिस्पर्धी व्हायकिंग्जकडे जाण्याची धास्ती. म्हणून जेट्सशी सशर्त सौदा झाला: चौथ्या फेरीची निवड, संघाच्या निम्म्या चालींत खेळला तर तिसऱ्या फेरीची. शिवाय जेट्सनी त्याला व्हायकिंग्जला दिलं तर पॅकर्सना पहिल्या फेरीच्या तीन निवडी. खरी फट इथेच राहिली: अट ट्रेडपुरती होती. 2009 मध्ये जेट्सनी त्याला करारमुक्त केलं आणि तो व्हायकिंग्जकडेच गेला.