डॉनी हॅथवे की बिल विदर्स : एकच लाइव्ह अल्बम घ्यायचा तर

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत. त्यातला एकच लाइव्ह अल्बम घरात ठेवायचा असेल तर शोध शेवटी दोन नावांपाशी येऊन थांबतो. निदान माझा तरी तिथेच थांबला. एक, डॉनी हॅथवेचा ‘लाइव्ह’, 1972 सालचा. दुसरा, बिल विदर्सचा ‘लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल’, 1973 सालचा. जेम्स ब्राउनचं अपोलो थिएटर आणि सॅम कुकचा मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. ती दोन्ही रेकॉर्डिंग थोरच आहेत, पण ती उभ्यानं ऐकायची. रात्री जेवणं उरकली, घरातले झोपले, आता तासभर आपला आहे, अशा वेळी हात जातो तो हॅथवे आणि विदर्सकडेच.

मला दोन्ही घेणं परवडणार नव्हतं. बाहेरून येणारी रेकॉर्ड आपल्याकडे हातात पडेपर्यंत काय किमतीला जाते ते घेणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून तीन महिने दोन्ही अल्बम फोनवरच ऐकले, हेडफोन लावून, बहुतेक रात्री. मग एक घेतला. तो कुठला आणि का, एवढंच सांगायचं आहे. तुमचा कान वेगळा असेल, तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

आधी हॅथवे. अल्बमच्या दुसऱ्या बाजूला जॉन लेननचं ‘जेलस गाय’ आहे. लेननचा मूळ अल्बम बाजारात आला सप्टेंबर 1971 मध्ये, आणि हॅथवेनं ते न्यूयॉर्कच्या बिटर एंड क्लबमध्ये गायलं ऑक्टोबरमध्ये. जेमतेम काही आठवड्यांचं गाणं, पण ऐकताना वाटतं की हा माणूस ते चर्चमध्ये लहानपणापासून गात आला असावा. त्याला वाढवलं आजीनं. ती स्वतः गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गायची, आणि हा तीन वर्षांचा असल्यापासून तिच्याबरोबर गायला लागला होता. हे माहीत नसलं तरी काही बिघडत नाही. इलेक्ट्रिक पियानोवर त्याची बोटं पडली की ते आपोआप कळतं.

वादकांबद्दल काय बोलावं! बास गिटारवर विली वीक्स. ड्रम्सवर फ्रेड व्हाइट, तेव्हा अवघा 16 वर्षांचा, पुढे ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडमध्ये गेलेला. शेवटच्या ‘व्हॉइसेस इनसाइड’मध्ये हॅथवे एकेकाचं नाव घेऊन त्याला पुढे आणतो, आणि वीक्सचा एकट्याचा बास सुरू झाला की क्लबमधली माणसं अक्षरशः ओरडायला लागतात. चार तारांवर एवढं काही बोलता येतं हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

पण या अल्बमची खरी ठेव म्हणजे ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’. कॅरोल किंगचं गाणं, त्याच वर्षी सगळ्यांच्या तोंडी असलेलं. जागा लॉस एंजेलिसचा ट्रुबाडूर क्लब, ऑगस्ट 1971. पहिले सूर वाजतात, शब्द सुरू होतात, आणि गाणं ओळखू आल्याचा एक चीत्कार उठतो. बायकांचे आवाज जास्त आहेत त्यात. पहिलं कडवं हॅथवे गातो. ध्रुवपद येतं आणि अख्खा क्लब गायला लागतो, कोणी सांगितलेलं नसताना. ती ओढूनताणून मिळवलेली साथ नव्हे. लोक सुरात आहेत, लयीत आहेत, आणि हॅथवे काय करतो तर मागे सरतो. ध्रुवपद त्यांच्या हवाली करून स्वतः मधल्या फटीतून एखादी ओळ घालतो. गायकानं श्रोत्यांना साथीदार करून घेतल्याचं याहून सुंदर उदाहरण मी कुठल्याही भाषेत ऐकलेलं नाही. आपल्या जुन्या खासगी मैफलींच्या ध्वनिफितींत ‘वा’ आणि ‘क्या बात है’ ऐकत मोठे झालेल्यांना तर हा आनंद लगेच कळेल. दाद देणारा माणूस तिथे गाण्याच्या आतच बसलेला असतो.

आणि नेमकी इथेच माझी अडचण सुरू होते.

हे चौथं गाणं संपतं. टाळ्या होतात. त्या विरतात, आणि पाचवं गाणं सुरू होतं ते थेट न्यूयॉर्कमध्ये, दोन महिन्यांनंतर. अल्बमची पहिली बाजू ट्रुबाडूरची, दुसरी बिटर एंडची. मुख्य गिटार फिल अपचर्चकडून कॉर्नेल डुप्रीकडे गेलेली. आत्ता, या क्षणी, ज्यांच्याबरोबर आपण गात होतो ती माणसं गेली. तो पहिला चीत्कार ज्या बाईचा होता तिला मी तोवर ओळखायला लागलो होतो. ती आता पुन्हा येणार नाही, आणि नव्या जागी नवी माणसं आपल्याकडे पाठ करून बसली आहेत.

तबकडी लावून ऐकणाऱ्याला हे टोचत नसेल. तिथे बाजू संपते, आपण उठतो, तबकडी उलटतो, सुई ठेवतो. तेवढ्यात प्रवास होऊन जातो. अल्बम बांधणाऱ्यांनी तो बांधला तसाच होता, मध्ये एक उठणं धरून. फोनवर ते उठणं गेलं. जिथे मध्यंतर होतं तिथे आता अर्ध्या सेकंदाची शांतता आहे, आणि तेवढ्यात सुमारे अडीच हजार मैल ओलांडायचे. पहिल्या आठवड्यात मला काय खुपतंय तेच कळेना. वाटायचं, पाचव्या गाण्याला माझंच लक्ष उडतं, दिवसभराचा शीण असेल. मग एकदा कुठे काय रेकॉर्ड झालंय ते वाचलं आणि उलगडा झाला. त्यानंतर मात्र दरवेळी चौथं गाणं रंगात आलं की माझं अर्धं मन पुढच्या त्या फटीकडे लागलेलं असायचं. एवढं सुंदर ध्रुवपद, आणि मी ते निरोप घेतल्यासारखं ऐकतोय. एका खटक्यापायी एवढं गाणं असं व्हावं याचं मला वाईट वाटतं, पण झालं खरं.

आता विदर्स. 6 ऑक्टोबर 1972, शुक्रवार, न्यूयॉर्कमध्ये पाऊस. एक रात्र, एक सभागृह, 77 मिनिटं. सभागृह तरी कुठलं, तर सिम्फनी ऑर्केस्ट्रांचं, सुमारे 2,800 खुर्च्यांचं. कागदावर पाहिलं तर जवळिकीच्या बाबतीत दोन्ही क्लबांनी याला सहज मागे टाकायला हवं. तसं होत नाही, आणि ते पहिल्याच गाण्यात कळतं.

‘यूज मी’ सुरू होतं. जेम्स गॅडसनचा ड्रमवरचा ठेका सुका आणि ताठ, एकही ठोका जास्तीचा नाही. लोक पहिल्यापासून टाळ्या धरतात. गाणं आपल्या लांबीचं होतं, संपतं, टाळ्यांचा गजर होतो. इथवर सगळं नेहमीसारखं. पण टाळ्या थांबत नाहीत, आणि मग वाद्यवृंद पुन्हा तोच ठेका धरतो, विदर्स पुन्हा गायला लागतो. कार्यक्रमाच्या पहिल्याच गाण्याला वन्स मोअर! आपल्याकडे नाट्यगृहात वन्स मोअर घेणाऱ्या गायकांच्या कथा आपण ऐकलेल्या असतात. तो वन्स मोअर घडताना कसा ऐकू येतो ते इथे मिळतं. गाणं साडेआठ मिनिटांपर्यंत जातं, आणि ते संपेपर्यंत एवढं मोठं सभागृह एका ओसरीएवढं झालेलं असतं. पुढे शेवटच्या गाण्यापर्यंत तीच ओसरी, तीच माणसं.

बहुतेक वादक लॉस एंजेलिसच्या ‘वॉट्स 103rd स्ट्रीट रिदम बँड’मधले, आधीपासून एकमेकांबरोबर वाजवत आलेले. त्यांच्यात हॅथवेच्या वादकांची भरारी नाही, हे मान्य करायला हवं. ते उडत नाहीत, घट्ट धरून ठेवतात.

विदर्स बोलतो, आणि खूप बोलतो. काहींना याचाच कंटाळा येईल, हे मी समजू शकतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत अडखळत बोलायचा. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या खाणकामगारांच्या गावचा. नऊ वर्षं नौदलात काढली, मग विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत काम केलं, आणि पहिला अल्बम निघाला तेव्हा तिशी उलटलेली. असा माणूस भरल्या सभागृहासमोर आजीबद्दल बोलायला लागतो, निवांत, शेजाऱ्याशी बोलावं तसा. आणि बोलण्यातून अलगद ‘ग्रँडमाज हँड्स’ सुरू होतं. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे हात, डफली वाजवणारे हात, कधी सुजणारे, ठणकणारे हात, पडलेल्या नातवाला उचलून घेणारे हात.

एका रविवारी सकाळी मी हे स्पीकरवर लावलं होतं. आई समोर मटार सोलत बसली होती. तिला इंग्रजी गाण्यांत रस नाही. पण बोलणं, मध्येच लोकांचं हसणं, पुन्हा बोलणं हे ऐकून तिनं विचारलं, “काय सांगतोय रे तो?” म्हटलं, “आजीबद्दल सांगतोय गं, आजीच्या हातांबद्दल.” तिनं “हं” म्हटलं. मटार सोलून झाले तरी ती उठली नाही. परातीच्या कडेवर बोटांनी ठेका धरून गाणं संपेपर्यंत बसून राहिली. हॅथवेच्या वेळी असं कधी घडलं नाही. त्यानं हॅथवेचं मोठेपण कमी होत नाही. पण माझ्या घरात कुठला अल्बम राहणार, हे ठरायला या गोष्टीचाही हातभार लागला असणार.

आता प्रामाणिकपणे त्याच्याही उण्या बाजू. काही संथ गाण्यांत व्हायोलिनं आणि ब्रास जरा जास्त होतात, आणि ‘होप शील बी हॅपिअर’सारख्या गाण्याला एवढ्या थाटाची गरज होती असं मला वाटत नाही. दुहेरी तबकडी आहे, म्हणजे हॅथवेसाठी एकदा उठावं लागत असेल तर याच्यासाठी तीनदा. फक्त सुई पुन्हा टेकवली की आपण परत त्याच सभागृहात, त्याच पावसाळी रात्री येतो. मला तेवढं पुरतं.

एक सांधा मात्र यातही आहे, आणि तो झाकून मी हॅथवेवर अन्याय करणार नाही. ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ हे व्हिएतनाममध्ये खांद्याला गोळी लागलेल्या तरुण सैनिकाचं गाणं. उजवा हात निकामी झालाय, डाव्यानं लिहिता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या कोणाला तरी आईसाठी पत्र लिहून द्यायला सांगतो. त्याच्या आधीच्या बोलण्यात विदर्स म्हणतो की हे गाणं आम्ही 6 ऑक्टोबरला रेकॉर्ड केलं आणि त्यानंतर युद्ध संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे उघड आहे, हे बोलणं त्या रात्रीचं नव्हे. ते 1973 मध्ये, पॅरिसच्या करारानंतर कधी तरी जोडलेलं आहे. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दचकलो. ज्या कारणासाठी एक अल्बम मागे ठेवला, तेच दुसऱ्यातही निघालं की काय! पण पुन्हा पुन्हा ऐकलं आणि ते खुपेना. तो तारीख सांगतो, मधे काय बदललं ते सांगतो, आणि मग आपला हात धरून त्या रात्रीत परत नेतो. तिथे आपल्याला कोणी न विचारता उचलून दुसरीकडे ठेवत नाही. आणि जोडलेल्या शब्दांनी गाणं आणखी जड होतं. युद्ध संपलं म्हणतात, पण त्या मुलाच्या उजव्या हाताचं काय?

तर मी विदर्स घेतला. दीड वर्ष झालं.

तुमच्यासाठी म्हणाल तर थोडं असं बघा. वाद्यं ऐकण्याची गोडी असेल, लांबलेल्या वादनात रमत असाल, तर हॅथवेच घ्या. साधारण 50 मिनिटांच्या अल्बममधली निम्मी ‘द घेटो’ आणि ‘व्हॉइसेस इनसाइड’ या दोन गाण्यांत जातात, आणि त्यातला एक क्षणही वाया गेलेला नाही. फक्त तो तबकडीवर घ्या, आणि पहिली बाजू संपल्यावर लगेच उलटू नका. चहा टाका, खिडकीशी उभे राहा, मग दुसरी बाजू लावा. फोनवर ऐकायचा असेल तर चार गाणी एका रात्री आणि चार दुसऱ्या रात्री. तो दोन रात्रींचाच अल्बम आहे.

शब्दांसाठी ऐकत असाल, गाणाऱ्या माणसाची ओळख व्हावी असं वाटत असेल, घरात एकाहून जास्त कान असतील, तर माझं मत विदर्सकडे झुकतं. फोनवर लावताना गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये खंड न पाडणारी सेटिंग असेल तर ती चालू करा, नाहीतर टाळ्या मधेच कापल्या जातात. आणि ‘यूज मी’ संपलं असं वाटून हात पुढच्या गाण्याकडे गेला, तर थांबा. ते अजून संपलेलं नाही.