वर्गातला चित्रफलक : घ्यावा, पण थोडी दुरुस्ती करून

ऑटिस्टिक मुलांसाठी मिळणारा हा वेल्क्रोचा वेळापत्रक-फलक, म्हणजे दिवसातल्या कामांची चित्रकार्डं क्रमाने चिकटवायचा फलक, कामाचा आहे. ‘आता काय, मग काय’ हे डोळ्यांसमोर राहिलं की तास बदलतानाची घालमेल बरीच कमी होते.

मोठी उणीव चित्रांची. संचातली कार्टून चित्रं सगळ्याच मुलांना लागू पडत नाहीत; छापलेली ‘ग्रंथालया’ची इमारत आणि आपल्या शाळेतली पुस्तकांची खोली यांचा मेळ काहींना लागत नाही. तिथे त्या खोलीच्या दाराचाच फोटो लावावा. लॅमिनेशन चकचकीत आहे, ट्यूबलाइटखाली चित्र नीट दिसत नाही. मॅट करून घ्यावं, कोपरे गोल कापावेत. वेल्क्रो उचकटतानाची चरचर काही मुलांना सोसत नाही. त्यांना चुंबकाची पट्टी बरी, मात्र वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला ती नको.

फलकावर दहा जागा आहेत म्हणून दहा कार्डं लावू नयेत. सुरुवात दोनांपासून: आधी गणित, मग झोपाळा. ते जमलं की तिसरं. काम संपल्यावर कार्ड मुलानेच काढून ‘झालं’च्या खिशात टाकायचं, शिक्षकांनी घाईत स्वतः काढलं तर फलक नुसती भिंतीची शोभा होतो.

‘बदल’ असं कार्ड संचात नाही, ही खरी चूक. बाई रजेवर, खेळाचा तास रद्द, अशा दिवशीच तर फलकाची सर्वांत जास्त गरज. ते कार्ड बनवून आधी मुलाला आवडणाऱ्या बदलांसाठी वापरावं. घरीही पालकांनी हीच चित्रं लावावीत, वेगळी नकोत.