बिनकागदाची जुनी फायबर बोट, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

वस्तू अशी: १४ फुटी फायबरची बोट, सपाट बुडाची, साडेचार फूट रुंद. सोबत १५ हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटार, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचे इंजिन. दोन्ही मिळून ४० हजार रुपये. बिल नाही, नोंदणी नाही, बांधणाऱ्याचा दाखला नाही. नागपुरात अशा बोटी अधूनमधून निघतात. कुठल्या तरी तलावावरचा बोटिंगचा ठेका संपतो, माल शेडमध्ये पडून राहतो आणि शेवटी कबाड्याच्या भावाने जातो.

निकाल आधीच सांगतो. बोटीचा सांगाडा दुरुस्त झाला आणि उत्तम चालतो. मोटारही चालू झाली, पण ती चाचणीच्या पाण्याच्या ड्रममध्येच चालते, कारण पाण्यात लावायला नोंदणी लागते आणि नोंदणीला मालकीचा पुरावा लागतो. म्हणजे ४० हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे ज्या मोटारीसाठी मोजले, ती स्टँडवर उभी आणि बोट वल्ह्यांवर. अशी बोट घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची गत हीच होते. सडलेले लाकूड बदलता येते, पण मागचे कागद पुढे कुणी बनवून देत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. आंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ जून २०२२ पासून लागू आहे. तलाव, नदी, धरण यांत चालणाऱ्या यांत्रिक बोटीला त्याखाली नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. आरटीओचा बोटीशी काही संबंध नाही, त्यामुळे ‘आरटीओतला माणूस करून देईल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचे पुढचे बोलणे ऐकूच नये. वल्ह्याच्या बोटीचा मार्ग वेगळा आहे, तिची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर ठेवायची तरतूद आहे आणि ते प्रकरण बरेच हलके आहे.

दुसरा कायदा जुनाच. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. बोट चोरीची निघाली तर नोटरीचा शिक्का, मुद्रांक, साक्षीदार सगळे असूनही ती तुमची होत नाही. शिवाय चोरीची आहे असे मानायला कारण असताना घेतली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहेच. बाजारभावाच्या पावपट किंमत आणि एकही कागद नाही, हे ‘कारण’ ठरू शकते.

म्हणून पैसे बोलण्याआधी बोट आली कुठून ते काढा. तीन उत्तरे हमखास मिळतात. ‘ठेकेदाराची आहे’ म्हटले तर ठेक्याचा करार आणि ठेकेदाराची सही हवी. ‘लिलावात घेतली’ म्हटले तर विक्री आदेश आणि रक्कम भरल्याची पावती असणारच, कारण सरकारी लिलावातून माल त्याशिवाय फाटकाबाहेर येत नाही. ‘मच्छीमार संस्थेची’ म्हटले तर जास्त सांभाळून. अनुदानातून घेतलेली बोट परस्पर विकायला अटी असतात. संस्थेचा ठराव मागा. ठराव नसेल तर सोडून द्या, भाव कितीही खाली येवो.

बोट स्वतःही बरेच सांगते. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च बाजूला अगदी टेकवून, पृष्ठभागाला समांतर धरून फिरवा. वरून कितीही रंग मारला असला तरी खालच्या जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. या बोटीवर निळ्या रंगाखाली उजव्या कुशीला हाताने रंगवलेला एक ‘३’ आणि त्यापुढे आडवी रेघ दिसली, म्हणजे बोटिंगच्या ताफ्यातला अनुक्रमांक. ठेकेदाराची गोष्ट तिथे जुळली. मागच्या फळीवर आतल्या बाजूला चार रिव्हेटची भोके होती आणि मधला आयत बाकी रंगापेक्षा गडद. तिथे बांधणाऱ्याची पाटी होती, ती काढली गेली आहे. पाटी पडली असेल तर भोके वेडीवाकडी फाटलेली असतात. ड्रिलने काढली तर स्वच्छ गोल राहतात. गोल भोके दिसली की पाटी का काढली, हे विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. मोटारीचा क्रमांक बोटीला पकडणाऱ्या क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर असतो. तो घासलेला असेल तर मोटार घेऊच नका. आयात मोटारीची ‘बिल ऑफ एंट्री’ची, म्हणजे सीमाशुल्काच्या आयात कागदाची, प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळे, पण मिळत नाही.

तरीही घ्यायचीच असेल तर निदान पुढची साखळी तरी नीट बांधा. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर विक्री करारनामा, दोन साक्षीदार, नोटरी. त्यात लांबी, रुंदी, बुडाचा आकार, रंग, सगळ्या खुणा आणि मोटारीचा क्रमांक लिहा, नुसते ‘एक जुनी बोट’ चालत नाही. मालकीवर कुणी दावा केला तर विक्रेता पैसे परत देईल आणि नुकसान भरेल, हे कलम हवेच. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि बोटीशेजारी उभा असलेला फोटो घ्या. कागद हरवले म्हणतो, तर हरवल्याची पोलिसांकडची नोंद त्याने स्वतःच्या नावाने करावी. घेणाऱ्याने केलेल्या नोंदीला अर्थ नाही. मग स्थानिक दैनिकात १५ दिवसांच्या मुदतीची जाहीर सूचना द्या, प्लॉट घेताना देतात तशीच. एवढे करून मालकी सिद्ध होत नाही, पण तुमचा हेतू स्वच्छ होता हे दिसते आणि नोंदणीच्या अर्जाला जोडायला काहीतरी हातात राहते. या सोपस्कारांना तयार न होणारा विक्रेता म्हणजे आपोआप मिळालेले उत्तर.

आता बोट. सगळ्यात उपयोगी तपासणी धरमकाट्यावर होते. पिकअप आधी रिकामी आणि मग बोटीसकट तोला. काटा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढे पुरे. या आकाराचा कोरडा सांगाडा साधारण १५० ते २०० किलोंत बसायला हवा. २५० च्या पुढे गेला तर पाय ठेवायच्या आतल्या तळाखालच्या पोकळीतल्या फोमने पाणी प्यायलेले आहे. तो फोम वाळत नाही, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही. तळ कापून काढूनच टाकावा लागतो.

दुसरी जागा ट्रान्सम, म्हणजे मोटार टांगायची मागची उभी फळी. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. प्लास्टिकच्या हातोडीने ठोका: टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट. मोटार लावलेली असेल तर तिचा खालचा पाय धरून वर-खाली दाबा, फळी हलताना दिसली तर आतले लाकूड गेले. खात्रीसाठी आतल्या बाजूने खाली ६ मिलिमीटरचे भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ठीक. काळपट, ओला, आंबूस वासाचा आला तर अख्खी फळी बदला. अर्धी बदलून चालत नाही, सडका भाग सांध्यातून पुन्हा वर चढतो.

सडायचे कारण जवळपास नेहमी एकच असते: मोटारीचे बोल्ट आणि पाणी सोडायच्या बुचाची भोके उघड्या लाकडातून पाडलेली. नवी फळी घालताना प्रत्येक भोक २ ते ३ मिलिमीटर मोठे पाडायचे, इपॉक्सीने भरायचे आणि त्यातून पुन्हा हव्या मापाचे पाडायचे. मग पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. या बोटीत हेच केले आहे. पावसाळाभर वापरल्यावर बुचाजवळ चाचणीचे भोक पाडले तेव्हा भुसा कोरडा निघाला.

फळीसाठी १८ मिलिमीटरचे दोन थर लागतात, सुमारे ३६ मिलिमीटर. प्लायवूडवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघूनच घ्या. दुकानात आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा, माल ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून गळ्यात मारतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, इथे नाही.

फायबरचा हिशेब असा करायचा. फळीवर सहा थर आणि तिच्या कडांचे सांधे, तळावर दोन थर, बुडाची ठिगळे: सगळे मिळून १४ चौरस मीटर. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) म्हणजे ६.३ किलो. मॅटला वजनाच्या अडीच पट रेझिन (मॅटमध्ये मुरून कडक होणारा राळेसारखा द्रव) लागते, सुमारे १६ किलो. वाया जाणारे धरून २० किलो आणा. आयसोफ्थॅलिक प्रकारचे रेझिन मागा; साधे जनरल पर्पज स्वस्त पडते, पण सतत पाण्यात राहणाऱ्या भागाला त्याचे फोड येतात. हिंगणा एमआयडीसीकडे टाक्या आणि पत्रे करणारे फायबरवाले आहेत, त्यांच्याकडून मजुरीवर काम होते. पण ते टाकीच्या सवयीने रेझिन ओततात. रोलरने हवा काढून घेणे हे तुम्ही शेजारी उभे राहूनच करवून घ्यायचे. पांढरट ठिपका राहिला म्हणजे आत हवा आहे.

हवामान इथे फार छळते. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर, सकाळी दहाच्या आत, हीच खरी वेळ. मेमध्ये ४४-४५ अंशांना रेझिन डब्यातच गरम होऊन गोठते. मग लोक हार्डनर (रेझिन कडक करणारे रसायन) अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणतात आणि काम कच्चे राहते. डिसेंबरच्या रात्री उलटे, सकाळी पृष्ठभाग चिकट, म्हणून हार्डनर वाढवतात आणि थर ठिसूळ होतो. एक ते दीड टक्का हे प्रमाण जिथे आपोआप जमते त्या महिन्यातच काम धरा. पावसाळ्यात मॅट दमट होते, तेव्हा हे काम काढूच नये. आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर (कडक होण्याला वेग देणारे रसायन) व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच हार्डनर.

गळतीची चाचणी घरीच होते. बोट टायरांवर सगळीकडून आधार देऊन ठेवा आणि आत ५ सेंटिमीटर पाणी भरा. तेवढेच सुमारे २०० किलो होते, जास्त भराल तर बूड फाटेल. बाहेरून कुठे ओल फुटते तिथे खडूने खूण करा.

मोटारीचे थोडक्यात. दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतल्या दाबामध्ये, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. खालच्या गिअरचे तेल दुधाळ निघाले तर सील गेले. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर न बघताच बदला. पडून राहिलेल्या मोटारीत त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली असतात. २०० लिटरच्या ड्रममध्ये पंखा काढून, न्यूट्रलवर चालवायची. पाण्याची पातळी पंपाच्या वर हवी, आणि बाजूच्या छिद्रातून चिळकांडी लगेच आली नाही तर बंद करा. पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डसाठीचा दर्जा) चेच घ्या, मोपेडचे टू-टी नको. ५० ला १ प्रमाण, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात आणि पडून राहिलेल्या टाकीत पाणी धरून तळाशी वेगळा थर बसतो. म्हणून बंद करताना नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत मोटार चालू ठेवा.

वापराचे बोलायचे तर बोट मच्छीमार संस्थेच्या ठेक्याच्या तलावावर, त्यांच्या लेखी परवानगीने, खाद्य टाकायला आणि जाळी ओढायला चालते. आठ फुटी वल्ही लागतात; सहा फुटी घेतली तर एवढ्या रुंदीला पाण्यात नीट उतरत नाहीत. तिघे जण आणि खाद्याची दोन पोती घेऊन ती स्थिर राहते. वारा सुटला की मात्र सपाट बुडामुळे बाजूला वाहवते, दहा किलोचा नांगर ठेवावाच. कुणी उठून कडेला उभे राहिले की झुकते, पण उलटायच्या बेतात येत नाही. ढीवर मच्छीमारांच्या लाकडी डोंग्यापेक्षा हे बरे, मात्र डोंगा गाळात जितका सहज सरकतो तितकी ही सरकत नाही.

नागपुरातल्या अंबाझरी-फुटाळा तलावांवर स्वतःची बोट उतरवायचे मनात आणू नका. धरणांवर पाटबंधारे विभागाची परवानगी लागते. तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वन विभागाशिवाय पाऊलही नाही. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात डोंगा उलटून तरुण बुडाले, तेव्हापासून काठावरचे लोकही अनोळखी बोट बघून विचारतात, आणि ते योग्यच आहे. माणशी एक लाइफ जॅकेट, निदान १०० न्यूटन उचल असलेले, आणि ते अंगात, बसायच्या फळीखाली नाही.

खर्च: रेझिन, मॅट, जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) साडेसहा हजार, प्लायवूड चार, मजुरी बारा, मोटारीचे सुटे भाग सात, चार जॅकेटे सात, वाहतूक साडेचार, दोर-नांगर दोन. एकूण ४३ हजार. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला नाही, पण कोंबडीएवढाच मसाला झाला. विकायला काढली तर बोटिंगवाला ठेकेदार घेत नाही, कारण त्याला विमा हवा आणि विम्याला नोंदणी. उरतात ते वल्ह्याची बोट हवी असलेले, आणि ते मोटारीचा एक रुपया धरत नाहीत.

म्हणून भाव करताना सरळ दोन भाग पाडा. सांगाड्याला वल्ह्याच्या बोटीचा भाव लावा आणि त्यातून ट्रान्सम बदलायचा खर्च वजा करा. मोटारीला सुट्या भागांचा भाव द्या, चालू असली तरी. या हिशेबाने आमच्या ४० हजारांच्या जागी २२ ते २५ बसले असते. विक्रेता त्यावर येत नसेल तर मोटार त्याच्याकडेच राहू द्या आणि नुसता सांगाडा मागा.