मादी पाळावी की पिल्लं आणून वाढवावीत?

दोन-चार डुकरांपुरती जागा असेल, तर जात कोणती हा प्रश्न नंतरचा. मादी ठेवून पिल्लं विकायची, की दूध तुटलेली पिल्लं आणून मांसासाठी वाढवायची, हे आधी ठरवा.

कागदावर मादीच जिंकते. गाभणकाळ ११४ दिवस, वर्षाला जवळपास दोन वेतं, आणि सुधारित जात असेल तर एका वेताला आठ-दहा पिल्लं. पण ती जगवायची कोणी? सर्वात जास्त पिल्लं दगावतात ती पहिल्या तीन दिवसांत, आणि त्यातली बरीचशी आईच्याच अंगाखाली. गारठलेलं पिल्लू उबेसाठी तिला बिलगतं, ती धपकन आडवी होते, खेळ संपला. भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर उंच असा आडवा बांबू पक्का बांधला, तर पिल्लाला निसटायला फट राहते. त्या तीन रात्री मात्र कुणीतरी जागं हवंच. शिवाय आईच्या दुधात लोह कमी असतं. सिमेंटच्या फरशीवरच्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन लागतं. माज, म्हणजे मादीची नर घेण्याची वेळ, हुकला तर पुढचे २१ दिवस तिला नुसतं पोसायचं. माज ओळखायला तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाबून बघा. ताठ उभी राहिली तर नर दाखवा.

पिल्लं वाढवण्यात एवढी कटकट नाही. नीट खाऊ घातलं तर पाच-सहा महिन्यांत माल विकायला तयार. खर्चातला ६०-७० टक्के वाटा खाद्याचा, म्हणून भरडा महागला की पुढची खेप न घेण्याची मोकळीक मला फार मोलाची वाटते. मादीला तसं थांबवता येत नाही. धोका आहे तो विकत आणलेल्या पिल्लाबरोबर येणाऱ्या रोगाचा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगावर औषध नाही. नवी पिल्लं तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, खरकटं घालणार असाल तर अर्धा तास उकळा.

डुकरं मोकळी मात्र दोन्हींत सोडू नका. माणसाची विष्ठा खाल्ली की फीतकृमीच्या अळ्या मांसात बसतात आणि असं मांस कोणी घेत नाही. घरात संडास नसेल तर आधी तो बांधा, मग गोठा.

नवख्यानं दोन पिल्लांपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत. अपवाद एकच: खात्रीची पिल्लं जवळपास मिळतच नसतील, आणि रात्री जागायला घरात माणूस असेल.