कालिन्यातलं झेरॉक्स दुकान: वाचनाचे सेट जरूर घ्या, तो ढीग नको

कालिन्यात मुंबई विद्यापीठाच्या आसपास झेरॉक्सची दुकानं बरीच, पण वाचनाचा सेट, म्हणजे वर्गासाठी नेमलेल्या प्रकरणांच्या प्रतींचा गठ्ठा, समजून बनवणारी थोडी. या दुकानात सेट मागितला की आधी शिक्षकांची वाचनयादी मागतात: विषय, सत्र, कुठल्या पुस्तकातलं कितवं प्रकरण. हे फार चांगलं करतात, कारण कायद्याचा सगळा आधार त्या यादीवरच आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्या-शिकण्याच्या ओघात प्रती काढायची मुभा देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं की शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं चालेल, आणि प्रत दुकानदाराने काढली म्हणून मुभा जात नाही. पुढे २०१७ त प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. स्टाफरूममध्ये ऐकू येणारा 'दहा टक्क्यांचा नियम' या कलमात नाही.

म्हणूनच काउंटरच्या डावीकडचा ढीग खटकतो. बाजारात मिळणारी अख्खी पाठ्यपुस्तकं, रंगीत कव्हरसकट स्पायरल करून, मागेल त्याला विकायला. ना यादी, ना वर्ग. ही सरळ चोरटी आवृत्ती आहे. ती घेऊ नका.

उलट जुन्या पुस्तकांना इथे उगाच नकार मिळतो. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं झाली की मूळ मजकूर कॉपीराइटमधून मोकळा होतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. पूर्ण पुस्तक काढलं तरी हरकत नाही. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा वगळा, त्यांचे हक्क वेगळे असतात.

छपाईचा दर्जा मूळ प्रतीवर ठरतो. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं ९५ टक्क्यांपर्यंत लहान केली की एका ए-फोरवर बसतात. १६० पानांचं वाचन पाठपोट ४० कागदांत होतं. दीड रुपया बाजूप्रमाणे १२० रुपये, स्पायरलचे ४०. जाड पुस्तक काचेवर नीट दाबलं नाही तर शिवणीपाशी काळा पट्टा येतो आणि ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं त्यात जातात. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तर पहिला बळी अनुस्वाराचा: 'त्यांना'चं 'त्याना' होतं, रफारही पुसट होतो. मास्टर प्रत, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या प्रती निघतात ती, ग्रंथालयातल्या पुस्तकावरूनच काढायला सांगा.

स्पायरलच्या बाजूला दीड सेंटिमीटर जागा सोडायला आधीच सांगावं लागतं, नाहीतर भोकं मजकुरावर पडतात. पावसाळ्यात उघडं रीम दमट होऊन कागद अडकतात, तेव्हा नवं रीम फोडायला लावा. आणि प्रत्येक प्रकरणाआधी पुस्तकाचं शीर्षकपान घालायला सांगा. इथे ते मागितल्याशिवाय घालत नाहीत, आणि मग संदर्भ देताना लेखकाचं नावच सापडत नाही.