रेझ्युमेत काय घालावं: स्वतःचा प्रोजेक्ट की ओपन सोर्समधलं काम?

सॉफ्टवेअरमधली नोकरी हवी आहे; पदवी हातात आहे, अनुभव नाही. धाकट्या बहिणीने परवा हेच विचारलं.

वेळेचं म्हणाल तर स्वतःचा प्रोजेक्ट आज रात्रीही सुरू करता येतो. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, आधी दुसऱ्यांचा कोड समजून घ्यायचा, मग मेंटेनरच्या, म्हणजे ते सांभाळणाऱ्याच्या, उत्तराची वाट बघायची. असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहब साइटवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे नवख्यांना जमणाऱ्या कामांचं लेबल शोधलं तर सुरुवात जरा सोपी जाते.

पुराव्यात मात्र ओपन सोर्स सरस. मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुम्ही सुचवलेला आणि मूळ कोडमध्ये घेतला गेलेला बदल, म्हणजेच अनोळखी माणसाने तपासून स्वीकारलेलं काम. ट्यूटोरियल बघून केलेलं टू-डू ॲप खूप जणांकडे असतं. ‘रिॲक्टमध्ये ॲप बनवलं’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘ऑर्डरच्या टेबलवर इंडेक्स लावला, शोध ३ सेकंदांवरून २०० मिलिसेकंदांवर आला’ असं लिहिलं की वाचणारा थांबतो. आकडा स्वतः मोजलेला हवा, कारण मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.

मुलाखतीत बोलायला स्वतःचा प्रोजेक्ट बरा. सगळे निर्णय तुमचेच असतात.

महिन्याभरात अर्ज करायचे असतील तर एकच प्रोजेक्ट नीट पूर्ण करा, डिप्लॉय करा (इतरांना वापरता येईल असा ऑनलाइन टाका), रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख देणारी फाइल, लिहा. सहा महिने हाताशी असतील आणि टीममध्ये काम केल्याचं दाखवायला काही नसेल, तर ओपन सोर्सकडे वळा. नुसत्या टायपो दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट मात्र रेझ्युमेत नको.