पहिला उपग्रह: ‘स्वयम्’च्या वाटेने, ‘प्रथम’च्या वाटेने, की ‘पोएम’वर?

कॉलेजात उपग्रहाची टीम जमली की पहिला वाद रंगतो तो आकार आणि वजनावरून. माझ्या मते आधी वेगळंच ठरवायला हवं. तुमच्या यंत्राचं तोंड कक्षेत नेमकं कुठे रोखलेलं असलं पाहिजे?

२०१६ साली महाराष्ट्रातले दोन विद्यार्थी-उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेले आणि दोघांनी या प्रश्नाची अगदी वेगळी उत्तरं दिली. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा ‘स्वयम्’ २२ जूनला गेला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोच्या आसपास. काम हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओवरून, एका जागचा संदेश घेऊन दुसरीकडे पोचवण्याचं. त्यात कायमचुंबक बसवला होता. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून राहतो आणि सोबतच्या हिस्टेरेसिस पट्ट्या (सहज चुंबकित होणाऱ्या धातूच्या पट्ट्या) उपग्रहाचं डोलणं उष्णतेत जिरवतात. याला वीज लागत नाही, की सॉफ्टवेअर बिघडायची भीती नाही. १० सेंटिमीटरच्या एका बाजूवरच्या सौर घटांतून दोन-तीन वॅट मिळतात आणि साधारण ९५ मिनिटांच्या फेरीतली ३५ मिनिटं सावलीत जाऊ शकतात. अशा वेळी ही बचत फार मोलाची. मात्र रेषा जिकडे वळतील तिकडे उपग्रहही वळतो. सगळीकडे पसरणाऱ्या अँटेनाला ते चालतं, जमिनीवर रोखलेल्या कॅमेऱ्याला नाही.

आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबरचा, सुमारे १० किलोचा. त्याला आयनावरणातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजायची होती. जीपीएसच्या चुका सुधारायला ही माहिती लागते. रेडिओलहर आयनावरणातून येताना तिच्या कंपनाची दिशा किती फिरते, यावरून ही संख्या निघते. म्हणून इथे दिशा सतत राखणं आलं. मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) आणि सूर्यसंवेदक स्थिती सांगणार, संगणक हिशेब करणार आणि वीज सोडलेली वेटोळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन उपग्रह वळवणार. शिकायला याहून समृद्ध वाट नाही. पण नियंत्रणाचं गणित, सिम्युलेशन आणि चाचण्या यांतच टीमची अर्धी ताकद जाते, हे धरूनच चला.

तिसरी वाट त्या वेळी नव्हती. २०२२ पासून इस्रो पीएसएलव्ही या आपल्या रॉकेटचा उपग्रह सोडून रिकामा झालेला चौथा टप्पा ‘पोएम’ म्हणून वापरते. वीज, स्थैर्य आणि संपर्क तोच पुरवतो, तुम्ही फक्त प्रयोग न्यायचा. ३० डिसेंबर २०२४ च्या ‘पोएम-४’वर २४ प्रयोग होते. त्यात चवळीच्या बिया रुजल्या, आणि मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकावरचा प्रयोगही होता. मुदत मात्र थोडी. ‘पोएम-३’ १ जानेवारी २०२४ ला गेला आणि २१ मार्चला वातावरणात परतला.

नवा सेन्सर किंवा सर्किट अवकाशात तगतं का, एवढंच पाहायचं असेल तर मी बेधडक ‘पोएम’ म्हणेन. रेडिओ आणि ग्राउंड स्टेशन हाच तुमचा जीव असेल तर ‘स्वयम्’सारखा चुंबकाचा ठोकळा. ‘प्रथम’ची वाट तेव्हाच धरा, जेव्हा मोजमापच दिशेवाचून होणार नाही.

आणि कुठलीही वाट धरली तरी नोंदवह्या पहिल्या दिवसापासून ठेवा. या दोन्ही उपग्रहांना आठेक वर्षं लागली आणि पदवी चारच वर्षांची असते. ज्यांनी पहिला आराखडा काढला, ती मुलं प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेलेली असतात.